कॅप्टन हेदवकरांचे नऊ स्विच

काशीराम शिवलकर काळजी करतो असं म्हणू नका. काळजी सगळेच करतात. काशीराम काळजी शोधून काढतो, आणि सापडली नाही तर शेजाऱ्याची मागून आणतो. मिरकरवाड्याच्या मच्छी बंदरात तीस वर्षं ट्रॉलरचं वायरिंग केलेला हा माणूस. बोट खोल समुद्रात गेली की इकडे हा स्वतःशीच पुटपुटायला लागे. मागचा दिवा लागला असेल ना? पंपाची वायर कुठे घासत नसेल ना? जेवणाच्या पानावरून उठून, जेटीवर जाऊन, एक स्क्रू परत आवळून आलेला आहे बरं का. त्याची बायको कमळा सांगते, "आमच्या लग्नात मंगलाष्टका चालू होत्या आणि ह्ये मांडवाच्या फ्यूजकडं बघत होते." ती थट्टेने सांगते, पण मला ते खोटं वाटत नाही.

अशा माणसाच्या हातून काम मात्र देखणं निघतं. सात वर्षांपूर्वी बंगळुरूचा एक हौशी गृहस्थ इथे मासे खायला आला होता. मित्राच्या ट्रॉलरवर चढला आणि केबिनमधला काशीरामचा स्विचबोर्ड बघून जागीच थबकला. म्हणाला, "असंच विमानाचं पॅनल करून द्याल का?" काशीराम म्हणाला, "साहेब, विमानात मी अजून बसलोसुद्धा नाय." तो गृहस्थ हसला. "मलाही कुठे चालवता येतं? घरी कॉम्प्युटरवर उडवतो."

तेव्हा काशीरामला कळलं की जगात असेही लोक आहेत. घराच्या एका खोलीत मोठा पडदा लावायचा, त्यावर रनवे, ढग, समुद्र, सगळं दिसतं. समोर खऱ्या विमानासारखी बटणं, दांडे, दिवे मांडायचे, आणि बसल्या जागी मुंबईहून दिल्लीला जाऊन चहाला परत यायचं. त्यांना बटणं अगदी हुबेहूब लागतात. अर्ध्या मिलिमीटरचा फरक त्यांना खुपतो. काशीरामलाही खुपतो, म्हणून जमलं. पांढरी अ‍ॅक्रिलिकची शीट घ्यायची, वरून करडा रंग मारायचा, मशीनने रंग खरवडून अक्षरं कोरायची. मागून दिवा लावला की अक्षरं उजळतात. पहिलं अक्षर उजळलं तेव्हा कमळासुद्धा भाकरी टाकून बघायला आली होती. "खोट्या विमानाला येवढा नखरा!" म्हणाली, पण बराच वेळ बघत उभी राहिली.

त्या गृहस्थाच्या ओळखीने काशीरामने पंधरा-सोळा पॅनलं केली. सगळी एकाच प्रकारची, मोठ्या प्रवासी विमानात पायलटच्या डोक्यावर छताला असतात ती. आणि त्यातले स्विच कसे, तर आपल्या घरातल्यासारखे. वर असला की बंद, खाली केला की चालू. काशीरामला ह्याचं फार बरं वाटलं. म्हणजे विमानवाल्यांची रीतसुद्धा आपलीच की! तीस वर्षं घरात आणि बोटीत हेच केलं, आता विमानातही तेच. त्या एका बाबतीत त्याने काळजी करणं सोडून दिलं. आयुष्यात एकदाच सोडलं, आणि तिथेच घात झाला.

गेल्या दिवाळीनंतर ठाण्याहून दिशा नावाच्या बाईचा फोन आला. तिचे वडील कॅप्टन विठ्ठल हेदवकर. एकतीस वर्षं त्यांनी नागपूरकडे मुलांना छोटं विमान चालवायला शिकवलं. निवृत्तीनंतर हेदवी गावातल्या आपल्या घरी आले, बायको गेली, तरी तिथेच राहिले. वय त्र्याहत्तर. वर्षभरापासून त्यांचं विसरणं सुरू झालं होतं. एकदा गॅस चालू राहिला, एकदा विहिरीचा पंप रात्रभर. एकदा स्वयंपाकाला येणाऱ्या तुळसाला त्यांनी दुसऱ्याच नावाने हाक मारली. डॉक्टरांना विस्मृतीच्या आजाराची शंका होती. दिशाचं म्हणणं, आता ठाण्याला चला. कॅप्टनचं म्हणणं, मला इथून बाहेर काढायचं तर चार माणसं लागतील आणि मी आडवा असेन.

भांडून भांडून बापलेकीत एक ठराव झाला. कॅप्टन म्हणाले, "माझे हात विसरलेले नाहीत. माझं विमान समोर आणून ठेव. इंजिन सुरू करण्यापर्यंतचं सगळं कागद न बघता करून दाखवतो. जमलं तर मी हेदवीत राहीन आणि तू पुन्हा विषय काढायचा नाही. नाही जमलं तर मी बॅग भरेन, एक शब्द बोलणार नाही."

"तेवढं पॅनल तुम्ही करून द्याल का?" दिशाने विचारलं. आता सांगा, काळजीखोर माणसाने असं काम घ्यावं का? पण काशीरामने घेतलं. समोरचं, छोट्या विमानाचं पॅनल तो पहिल्यांदाच करत होता.

दोन महिने तो त्यात बुडाला. कॅप्टनने पेन्सिलने काढून पाठवलेलं चित्र, दिशाने जमवलेले फोटो, सगळं भिंतीला चिकटवलेलं. तबकड्या, दांडे, किल्लीची जागा, आणि खाली डावीकडे ओळीने नऊ स्विच. प्रत्येकाखाली नुसतं नाव कोरलेलं: मास्टर म्हणजे मुख्य स्विच, पंप, बीकन म्हणजे शेपटीवरचा लुकलुकणारा दिवा, लँडिंग लाइट, असं. चालू-बंद कुठे लिहिलेलं नाही. दर दोन दिवसांनी कॅप्टनचा फोन. "काय शिवलकर, माझं विमान कुठवर आलं?" काशीराम सांगे, "रंग वाळतोय साहेब." कॅप्टन म्हणत, "वाळू द्या. माझंही सगळं वाळतंच आहे." आणि मोठ्याने हसत. फोन ठेवला की काशीरामला घास जात नसे. ह्या माणसाचं घर आपल्या हातात आहे, हे त्याच्या डोक्यातून जाईना. म्हणून तो जास्तच तपासत बसला. स्क्रूच्या डोक्यावरच्या चिरासुद्धा त्याने एका दिशेला आणून ठेवल्या.

जानेवारीतल्या एका रविवारी पॅनल गाडीत घालून तो निघाला. जयगडला फेरीबोटीत गाडी चढवली, खाडीपलीकडे तवसाळला उतरला, आणि दहा वाजता हेदवीला पोचला. कॅप्टन पडवीतच उभे होते, दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. पॅनल माजघरात टेबलावर बसवलं, मागे पडदा जोडला. कॅप्टनने सगळ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "अगदी तेच. शिवलकर, अगदी तेच आहे हो!" काशीरामच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग ते खुर्चीत बसले. शेजारी दिशा, हातात छापील यादी. दारात तुळसा. काशीराम भिंतीला टेकून.

कॅप्टनने डोळे मिटले. सुरू करण्याआधी सगळं बंद आहे ना बघायचं, ही पहिली पायरी. त्यांचा हात ओळीवर गेला, आणि नऊच्या नऊ स्विच एकापाठोपाठ त्यांनी खाली ओढले. पडद्यावर दिवे लागले, पंप घरघरला. कॅप्टन दचकले. त्यांनी घाईने सगळे वर केले. सगळं बंद. मास्टर चाचपला, तो वरच होता, आणि विमान मेल्यासारखं गप्प. हात तिथेच हवेत थांबला.

"वर... वर असतं ना?" ते म्हणाले. कुणाला विचारत होते कुणास ठाऊक.

आणि इथे काशीराम बोलला. त्याला वाटलं आपण मदत करतोय. "नाय साहेब, खाली. विमानात खाली केला की चालू. मी पंधरा-सोळा केलीत."

"खाली?"

"होय साहेब. तसंच असतं."

कॅप्टनने त्याच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. वर्षभर ज्याला उठता-बसता 'बाबा, विसरलात' असंच ऐकावं लागलं, तो माणूस दुसरं काय म्हणणार? "असेल," ते म्हणाले. "असेल तसं." पुन्हा प्रयत्न केला. हात वर जाई, ते थांबवत, खाली आणत, आणि तेवढ्यात पुढचं काय ते निसटे. तिसऱ्या खेपेला त्यांनी हात मांडीवर ठेवले. दिशाने यादीची घडी केली आणि ती रडायलाच लागली. तिला काही जिंकायचं नव्हतं बिचारीला. कॅप्टन म्हणाले, "ठरलं ते ठरलं. बुधवारी निघू. तोपर्यंत मला ह्याच्यासमोर बसू दे."

काशीराम परत निघाला तेव्हा तुळसाने त्याला डब्यात घावन आणि चटणी बांधून दिली. फेरीबोटीत त्याने तो उघडलासुद्धा नाही.

सोमवारी सकाळपासून त्याला काहीतरी टोचत होतं. कळत नव्हतं काय. बर्फाच्या कारखान्यातल्या मोटरचा स्टार्टर दुरुस्त करता करता त्याच्या डोळ्यांसमोर तो हात येत होता. नऊ स्विच, नऊही खाली, एका दमात, डोळे मिटून. ज्याला आठवत नाही तो चाचपडतो. एखादा वर, एखादा खाली, एखादा राहून जातो. हा माणूस चुकला तर चुकला, पण नऊही वेळा सारखाच कसा चुकला?

पाना हातातच राहिला. काशीरामने मोबाइल काढला आणि छोट्या विमानाचं इंजिन सुरू करायचा व्हिडिओ लावला. एक गोरा मास्तर शिकवत होता. त्याचं बोट मास्टरखाली गेलं आणि त्याने स्विच वर उचलला. दिवा लागला. पंप, वर. बीकन, वर. काशीरामने दुसरा व्हिडिओ लावला, तिसरा लावला. सगळीकडे वर. छताच्या पॅनलला खाली म्हणजे चालू, आणि समोरच्याला वर म्हणजे चालू. अर्ध्या मिलिमीटरला जीव टाकणाऱ्या माणसाने एवढं एक बघितलं नव्हतं. बघावंसं वाटलंच नाही. स्विच खाली केला की दिवा लागतो, ह्यात काय बघायचं?

कारखान्यातून तो कसा घरी आला त्यालाच ठाऊक. ओट्यावर बसून राहिला.

"काय झाला?" कमळाने विचारलं. "तोंड असा का उतरलाय?"

त्याने सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "मंग लावा की फोन."

त्याने लावला. हेदवीला रेंज येत-जात असते. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला, दिशाचा आवाज आला, "हॅलो?" आणि ह्या शहाण्याने फोन बंद केला! हो, बंद केला. त्याच्या डोक्यात भुतं नाचत होती. ती काय म्हणेल? बंगळुरूच्या गृहस्थाला कळवेल. लोक म्हणतील, उलटे स्विच लावणारा हाच तो शिवलकर. आणि समजा आपण सांगितलं, आणि कॅप्टनना खरंच काही आठवत नसेल तर? उगाच आशा लावायची, आणि उद्या गॅस पुन्हा चालू राहिला, काही बरंवाईट झालं, तर ते कुणाच्या माथी? त्याने हे सगळं कमळाला बोलून दाखवलं.

कमळाने चुलीतली लाकडं मागे ओढली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुमाला कुणी इचारलान काय, त्यांना आठवता की नाय? त्या डाक्टरनी बघावा. तुमची चूक हाय ती तुमी सांगा. म्हातारा आपल्या घरातून उठतोय, आणि तुमी हितं नाव जाईल म्हणून बसलाय. लाज नाय वाटत?"

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, इतकं स्पष्ट ती कधी बोलली नव्हती. काशीरामला ते लागलं. पण खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटलं. निदान आता काय करायचं ते ठरलं होतं.

मंगळवारी उजाडताच तो निघाला, आणि जयगडला येऊन अडकला. पुढची फेरी निघायला तासभर होता. बोटीवरच्या माणसाला त्याने तीनदा विचारलं. चौथ्यांदा तो म्हणाला, "काका, तुमी आता पोहत जावा." काशीराम जेटीवर येरझाऱ्या घालत राहिला. कॅप्टन बुधवारी म्हणाले होते, पण बदललं असेल तर? आजच निघाले असतील तर? समोरून येणाऱ्या बोटीत दिशाच्या गाडीसारखी एक पांढरी मोटार दिसली आणि तो धावत कडेला गेला. त्यात वऱ्हाडी होते.

हेदवीच्या घरासमोर दिशाची गाडी उभी होती, मागचं दार उघडं. आत गादीची वळकटी, दोन बॅगा, औषधांची पिशवी. दिशा उंबऱ्यात आली. "काका, तुम्ही? आम्ही दुपारीच निघतोय. बाबा रात्रंदिवस त्या पॅनलसमोर बसताहेत. जेवायला उठत नाहीत. मला बघवत नाही."

"ताई, चूक माझी हाय," काशीराम म्हणाला. वाटेत शंभरदा घोकलेलं सगळं विसरून एवढंच बाहेर आलं. मग तो थांबलाच नाही. छताचं पॅनल, समोरचं पॅनल, व्हिडिओ, काल बंद केलेला फोन, सगळं सांगितलं. "साहेब बरोबर होते. पहिल्यापासून बरोबर. मीच त्यांना खोटा पाडला."

दिशाचा चेहरा आधी कोरा होता, मग लाल झाला. "तुम्ही म्हणालात, विमानात तसंच असतं. इतक्या खात्रीने म्हणालात! माझ्यासमोर!" तिचा आवाज फुटला. "मी त्यांना काल काय काय बोलले, माहीत आहे तुम्हाला?"

तेवढ्यात आतून आवाज आला. पंपाची घरघर, मग इंजिनाची. दोघंही माजघरात गेली.

कॅप्टन खुर्चीत होते. परवाचाच शर्ट, आता चुरगळलेला. डोळे मिटलेले. त्यांनी इंजिन बंद केलं, स्विच सगळे वर ढकलले, आणि पुन्हा सुरुवात केली. मास्टर, खाली. बीकन, खाली. पंप, खाली, घरघर कान देऊन ऐकली, पंप वर. दांडा अर्धं बोट पुढे. किल्ली. इंजिन धडधडलं. पुढचे दिवे, खाली, खाली, खाली. एकही राहिला नाही, एकही मागेपुढे झाला नाही. तुळसा मागच्या दारातून म्हणाली, "कालपासून असाच करतायत. आता चुकत नाय."

"साहेब," काशीराम म्हणाला. कॅप्टनने डोळे उघडले. काशीराम त्यांच्या पायांशी जमिनीवरच बसला. "साहेब, स्विच मी उलटे जोडलेत. वर म्हणजेच चालू. तुमचा बरोबर होता."

पडद्यावर विमान रनवेच्या कडेला धडधडत उभं होतं.

"बरोबर होतं?"

"होय साहेब."

"मग हे दोन दिवस मी काय करत होतो?" त्यांचा आवाज चढला. "एकतीस वर्षं हात वर जात होता, शिवलकर! तो मोडून मी खाली वळवला. रविवारी संध्याकाळी एक स्विच, सोमवारी चार. हात वर गेला की त्यावर चापट मारत होतो, लहान पोराला मारतात तशी. आज सकाळी नऊही आले. हिला दाखवणार होतो, निघायच्या आधी एकदा."

दिशा टेबलाला धरून उभी होती. "बाबा," ती म्हणाली, "हे सगळं तुम्ही दोन दिवसांत शिकलात? उलटं?"

"न शिकून कुणाला सांगतो? राहायचं होतं मला इथे."

"डॉक्टर म्हणाले होते..." ती पुढे आली. "म्हणाले होते, हा आजार असेल तर जुनं राहतं, पण नवीन शिकता येत नाही. आज शिकवलं तर उद्या पुसलं जातं." आणि तिने वाकून बापाच्या गुडघ्यांना मिठी मारली. काशीराम बाजूला सरकला. तुळसा बाहेर गेली आणि गाडीतली वळकटी उचलून आत घेऊन आली.

काशीरामने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. "साहेब, अर्ध्या तासात सगळे सरळ करून देतो."

"करा," कॅप्टन म्हणाले. मुलीच्या डोक्यावर त्यांचा हात होता, डोळे पडद्यावर. "स्विच सरळ होतील हो. पण शिवलकर, रविवारी रात्री मी आरशासमोर उभा राहून माझं स्वतःचं नाव मोठ्याने म्हणून बघितलं. येतंय का म्हणून."

काशीराम पॅनलच्या मागे जाऊन बसला आणि पहिल्या स्विचचा स्क्रू सोडायला लागला. त्याला नीट दिसत नव्हतं. बाहीने डोळे पुसून त्याने परत स्क्रू धरला.